नोंदवहीपाशी बसलेली भगिनी : सिस्टर इग्नेशिया



रुग्णालयाची पायरी चढल्यावर आपली पहिली गाठ डॉक्टरांशी पडत नाही. ती पडते नोंदवही पुढ्यात घेऊन बसलेल्या व्यक्तीशी. नाव काय, वय काय, आजार कोणता, पैसे कोण भरणार, इतके विचारून खाट मिळेल की नाही ते ती व्यक्ती सांगते. घरी परतल्यावर आपल्याला तिचा चेहराही आठवत नाही. आज मी तुम्हांला अशाच एका नोंदवहीपाशी बसणाऱ्या धर्मभगिनीचे चरित्र सांगणार आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. रबरी टायरच्या कारखान्यांमुळे ते नावारूपाला आले. (नाव मात्र ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ टोक किंवा उंच जागा असा होतो. भाषांतर करणाऱ्याच्या डोळ्यांना अशा गोष्टी दिसल्यावाचून राहत नाहीत.) या शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात १६ ऑगस्ट १९३९ रोजी सिस्टर मेरी इग्नेशिया यांनी एका माणसाला दाखल करून घेतले आणि आजाराच्या रकान्यात 'तीव्र जठरदाह' असे लिहिले. त्या माणसाचा खरा आजार दारूचा होता, आणि लिहिणाऱ्या हाताला ते पुरते ठाऊक होते.

या एका नोंदीपर्यंत त्या कशा आल्या, ते आधी पाहू.

त्यांचे मूळ नाव ब्रिजेट डेला मेरी गॅव्हिन. जन्म १८८९ सालचा, आयर्लंडच्या मेयो परगण्यातील एका खेड्यात. त्या सात वर्षांच्या असताना, १८९६ साली, आईवडील पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेले व ओहायोतील क्लीव्हलँड शहरी स्थायिक झाले. डेलाला संगीताचे देणे होते. मोठी झाल्यावर ती मुलांना संगीत शिकवू लागली. १९१४ साली, पंचविसाव्या वर्षी, तिने सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ सेंट ऑगस्टिन या धर्मसंघात प्रवेश केला आणि ती सिस्टर इग्नेशिया झाली. संघानेही तिच्यावर संगीताचेच काम सोपवले. शिकवण्या, गायनवृंद, अनाथाश्रमातील मुले, आणि मध्ये विश्रांती म्हणून फारशी नाहीच. अंगकाठी लहानखुरी, स्वभाव मात्र कामात कसूर न खपणारा. १९२७ साली त्या कोसळल्या. शरीर खचले आणि मनही खचले. संगीत चालू ठेवाल तर जिवंत राहणार नाही, धर्मभगिनी म्हणून जगायचे असेल तर संगीत सोडा, असे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले.

वाचकहो, या प्रसंगावरून घाईने पुढे जाऊ नका. जे देणे देवाने दिले असे आपण मानतो, तेच आपल्याला मोडून टाकते व ते हातातून काढून घ्यावे लागते, हा अनुभव थोडाथोडका नव्हे. आपल्या मंडळ्यांत मानसिक आजाराविषयी आजही दबक्या आवाजात बोलले जाते, मग १९२७ सालच्या मठात काय स्थिती असेल? पुढे ज्यांना आपण मोडून पडलो आहोत असे वाटत होते, अशी हजारो माणसे या बाईंसमोर बसली. मोडणे म्हणजे काय, हे त्यांना ग्रंथ वाचून समजले नव्हते.

बऱ्या होत असताना त्यांना हलके काम म्हणून, १९२८ साली नव्याने उघडलेल्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या भरती विभागात बसवण्यात आले. हलके काम! ज्याने कोणी हा शब्द वापरला असेल, त्याने नोंदवहीपाशी एक दिवसही काढला नसावा.

त्या काळी दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला रुग्णालये सहसा आत घेत नसत. असे रुग्ण गोंधळ घालतात, बिले बुडवतात, आणि बरे होऊन गेले तरी पुन्हा तसेच परत येतात, अशी तक्रार असे. ती सर्वस्वी खोटीही नव्हती. परंतु जन्मभर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हातपाय कापू लागतात, नसलेली माणसे व जनावरे दिसू लागतात, झटके येतात, आणि कित्येकदा त्यात जीवही जातो. म्हणजे ज्या घडीला त्याला खाटेची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला खाट नाकारली जाई. मग उरे तुरुंगाची कोठडी, वेड्यांचे रुग्णालय, नाहीतर रस्ता.

सिस्टर इग्नेशिया यांनी अशा एकाला एकदा दयेपोटी दाखल करून घेतले. रात्री तो भ्रमाच्या भरात वॉर्डभर हिंडू लागला. सकाळी रात्रपाळीच्या प्रमुख भगिनीने त्यांना सुनावले की पुन्हा असा रुग्ण घ्यायचा असेल, तर रात्रभर त्याच्या मागे धावायलाही त्यांनीच यावे. मला त्या रात्रपाळीच्या भगिनीचा राग येत नाही. दयेचा निर्णय एकीने दिवसा घेतला, आणि तिचे ओझे रात्री दुसरीने वाहिले. सिस्टर इग्नेशिया यांनी तो बोल विसरला नाही. केवळ दार उघडून भागत नाही, आत आलेल्याजवळ कोणीतरी बसले पाहिजे, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्के बसले असावे.

जवळ बसणारी माणसे घेऊन जो आला, त्याचे नाव डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ. सगळे त्यांना डॉ. बॉब म्हणत. हे निष्णात शल्यचिकित्सक स्वतः दारूत आकंठ बुडालेले होते. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी ॲक्रनला आला. काम फसले. हॉटेलच्या दर्शनी दालनात एका बाजूला मद्यालय व दुसऱ्या बाजूला टेलिफोन, अशा ठिकाणी तो उभा होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणा पिणाऱ्याशी बोललो तरच आपण वाचू, असे त्याला प्रकर्षाने वाटले. त्याने चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन लावला, आणि तो धागा धरून अखेर डॉ. बॉब यांच्यापर्यंत पोहोचला. डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला १० जून १९३५ रोजी घेतला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला आपण ए.ए. म्हणतो, त्या बंधुभावाचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानला जातो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चर्चच्या सभागृहांत ज्यांच्या संध्याकाळच्या सभा भरतात, तीच ही चळवळ.

डॉ. बॉब आता दुसऱ्या पिणाऱ्यांना बरे करू पाहत होते. पण दुसऱ्या रुग्णालयातून त्यांचे रुग्ण नाकारले जाऊ लागले. सेंट थॉमसमध्ये ते सुरुवातीपासून येत-जात असत व सिस्टर इग्नेशिया त्यांना ओळखत. १९३९ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी आपली सारी कहाणी या भगिनीला सांगितली आणि एका रुग्णासाठी खाट मागितली. त्यांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. रुग्णाला भेटायला त्याच्यासारखीच काही माणसे येतील, त्यांना मोकळेपणी बोलता यावे म्हणून एखादी स्वतंत्र खोली मिळेल का, असे त्यांनी विचारले. खोली कुठून आणणार? रुग्णांसाठी आलेली फुले जिथे निवडून फुलदाण्यांत लावली जात, अशी एक लहानशी जागा होती. तिच्या दारातून खाट जेमतेम आत गेली. आणि त्या फुलांच्या खोलीत संध्याकाळी काही पुरुष आले, खाटेशेजारी बसले, आणि आपण कसे पीत होतो व आता कसे पीत नाही, एवढेच बोलत राहिले. त्यांचे नीटनेटके कपडे व सभ्य वागणे पाहून, हेदेखील एके काळी असेच पडून असत, यावर सिस्टर इग्नेशिया यांचा प्रथम विश्वास बसेना.

आता त्या नोंदीकडे वळू. ती खोटी होती का? वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या जठराचा दाह झालेलाच असतो, म्हणजे लिहिलेले असत्य नव्हते. पण ते सत्य सांगण्यासाठी नव्हे, झाकण्यासाठी लिहिले होते, हेही तितकेच खरे. निर्गमाच्या पुस्तकात फारोपुढे उभ्या राहिलेल्या इब्री सुइणींवर टीकाकारांनी शतकानुशतके वाद घातला आहे, तो मी येथे पुन्हा घालणार नाही. मला स्वतःला ही नोंद उसनवारीसारखी वाटते. नियम आड येत होता, माणूस दारात होता, तेव्हा त्यांनी उसना शब्द घेतला. महत्त्वाचे हे, की ते ऋण त्यांनी ठेवले नाही. लौकरच त्या वरिष्ठ भगिनींकडे गेल्या, काय चालले आहे ते त्यांनी उघड सांगितले, आणि परवानगी मागितली. रुग्णालयातर्फे एका तरुण धर्मगुरूने ए.ए.च्या सभेला जाऊन ती माणसे प्रत्यक्ष पाहिली व अनुकूल मत दिले. कॅथलिक रुग्णालयाने दारूग्रस्तांना दारूग्रस्त म्हणूनच, त्यांच्याच आजाराच्या नावाने, आत घेण्यास सुरुवात केली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने असे रुग्ण सर्वसाधारण रुग्णालयांनी दाखल करून घ्यावेत असा ठराव केला तो १९५६ साली, म्हणजे फुलांच्या खोलीनंतर सतरा वर्षांनी.

फुलांच्या खोलीची जागा पुढे काही खाटांच्या स्वतंत्र वॉर्डाने घेतली. तो प्रार्थनामंदिराच्या सज्जाला लागून होता. रुग्णालयाच्या झग्यात असलेल्या माणसाला इतरांच्या नजरा न झेलता प्रार्थनेला जाऊन बसता येई. कोणावर सक्ती नव्हती. कॉफीचे भांडे दिवसरात्र गरम असे, आणि तिथे सतत कोणीतरी बरा झालेला माणूस बसलेला असे. मुक्काम पाच दिवसांचा. पहिला दिवस स्वागताचा. दुसऱ्या दिवशी आपली खरी अवस्था ओळखायची, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या आयुष्याचा नैतिक हिशोब मांडायचा. हा तिसरा दिवस सर्वांत जड जाई, कारण तोवर शरीर सावरलेले असे आणि आठवण परत येत असे. चौथा दिवस निश्चयाचा, आणि पाचव्या दिवशी बाहेर गेल्यावर काय करायचे, कोणाला भेटायचे, कोणती वाट टाळायची, याची आखणी.

रुग्णाला एकट्याला दाखल होता येत नसे. ए.ए.मधील कोणीतरी त्याला हाताला धरून आणी, त्याच्या बिलाची हमी घेई, पाच दिवस त्याच्याकडे येत राही आणि सहाव्या दिवशी त्याला घेऊन जाई. येथे मला लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवतो. आपण नेहमी शोमरोन्यावर प्रवचन करतो, उतारशाळेच्या रखवालदारावर कोणी करत नाही. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात बेथलेहेमात जिथे जागा नव्हती तीही उतारशाळा, आणि जखमी माणसाला जिथे नेले तीही उतारशाळाच. मूळ ग्रीकमध्ये मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. दहाव्या अध्यायातील शब्द आहे पांडोखेइऑन, आणि त्याची फोड केली तर अर्थ निघतो सर्वांना आत घेणारी जागा. शोमरोनी आणून सोडतो, खर्चाची हमी देतो, आपल्या वाटेला लागतो. रात्रभर जखमा कोणी पाहिल्या? मराठीत या दोन शब्दांचा फरक कसा दाखवावा, यावर मी बराच काळ झगडलो आहे. ॲक्रनच्या त्या वॉर्डाची माहिती वाचली तेव्हा शब्द सापडला नाही, पण वस्तू दिसली.

सिस्टर इग्नेशिया यांना समुपदेशक म्हणून कोणी नेमले नव्हते. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, आणि आयुष्यात कधी पिणाऱ्यांपैकीही नव्हत्या. त्यांचे काम ऐकण्याचे. दाखल करताना त्या पाहत असत की हा माणूस स्वतःच्या इच्छेने आला आहे, की बायकोने व मालकाने ढकलला आहे. ढकललेल्याला त्या सहसा थांबवत. मृदू बोलत, पण फसत नसत. कोणी रडून दाखवले की त्या रुमाल देत आणि मग विचारत, आता खरे काय ते सांगा. त्यांचा एक नियम अनेकांना कठोर वाटे. या वॉर्डात साधारणपणे एकदाच प्रवेश मिळे. दारे पुन्हा पुन्हा उघडी राहिली, तर येथील पाच दिवस पिण्यातली विश्रांती होऊन बसतील व नवख्यांचाही धीर खचेल, हा त्यामागचा विचार. नियमाला त्यांनी कधीमधी मुरडही घातली. मला हा नियम पूर्णपणे पटत नाही, हे मी लपवत नाही. सत्तर वेळा सात हा हिशोब ज्याने शिकवला, त्याच्या घरात एकदाच प्रवेश कसा? पण मी तो वॉर्ड चालवलेला नाही. खाटा थोड्या होत्या आणि दाराबाहेर रांग होती.

निरोपाच्या वेळी त्या प्रत्येकाला येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देत. कॅथलिक असो वा नसो, त्याबरोबर एक वचन घेत. पुन्हा प्यावेसे वाटले, तर पहिला पेला उचलण्याआधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा. आपल्यापैकी ज्यांना अशा बिल्ल्यांची सवय नाही, त्यांना ते विचित्र वाटेल. पण त्यातील मर्म पाहा. कधीही पिणार नाही अशी शपथ त्यांनी मागितली नाही. तसली शपथ त्या माणसाने बायकोपुढे, आईपुढे, वेदीपुढे शंभरदा मोडलेली असे. त्यांनी मागितली फक्त एक फेरी. खिशात हात घातला की बिल्ला बोटांना लागणार, आणि मद्यालयात जायचे तर आधी त्या लहानखुऱ्या भगिनीच्या डोळ्यांना डोळे भिडवावे लागणार. ए.ए.मध्ये आज जी नाणी दिली जातात, त्यांचे मूळ या बिल्ल्यात आहे असे अनेक जण मानतात.

हे लिहिताना मला एक चेहरा आठवतो. मी तरुण असताना आमच्या मंडळीत एक गृहस्थ रविवारी मागच्या बाकावर, दाराजवळ बसत. आवाज सुरेल होता, गीतांच्या वेळी सर्वांहून वर उठे. ते पीत. मंडळीतील आम्ही तिघे एकदा त्यांच्या घरी गेलो, शास्त्रातील वचने वाचली, शपथ घेतली, प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. पुन्हा जायचे कोणाच्या मनात आले नाही. वडील मंडळींनी पुढे त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवले. काही महिन्यांनी ते येईनासे झाले, आणि आम्हांला थोडे हायसेच वाटले. हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

डॉ. बॉब व सिस्टर इग्नेशिया यांनी मिळून १९५० पर्यंत सुमारे ५,००० दारूग्रस्तांची सेवा केली. डॉक्टरांनी त्यासाठी फी घेतली नाही. यातील एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. डॉक्टर प्रॉटेस्टंट, भगिनी कॅथलिक, आणि काळ असा की दोन्ही बाजूंना एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवण्याचा संकोच. १९३९ सालीच क्लीव्हलँडचे काही सदस्य ऑक्सफर्ड ग्रुप या प्रॉटेस्टंट मंडळापासून वेगळे झाले, त्यामागे कॅथलिक सदस्यांची अडचण हे एक कारण होते. या दोघांनी मात्र धर्मपंथांच्या ऐक्यावर परिषद भरवली नाही. रोज सकाळी ते एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभे राहत.

१६ नोव्हेंबर १९५० रोजी डॉ. बॉब निवर्तले. १९५२ साली संघाने सिस्टर इग्नेशिया यांची बदली क्लीव्हलँडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयात केली. त्रेसष्ट वर्षांचे वय, आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात. त्यांच्या हातून बरी झालेली माणसे पैसे व श्रम घेऊन धावून आली, आणि ७ डिसेंबर १९५२ रोजी नवा वॉर्ड उघडला. त्याचे नाव रोझरी हॉल सोलॅरियम. या नावाची आद्याक्षरे आर. एच. एस., आणि रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांचीही तीच. ए.ए.मध्ये कोणाचे नाव मिरवायचे नसते. सिस्टरांनी नाव न लिहिता मित्राचे स्मारक दारावर लावले. आजाराचे नाव झाकण्यासाठी एकदा उसना शब्द वापरलेल्या बाईंचा हा दुसरा शब्दखेळ मला फार आवडतो.

येथे त्यांनी घरच्यांकडेही अधिक लक्ष दिले. दारू एकजण पितो, पण आजारी सारे घर पडते, हे त्यांनी नोंदवहीपाशी बसून पाहिले होते. बिलाचा कागद घेऊन उभी असलेली बायको बहुधा त्यांना आधी दिसे, नवरा नंतर. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याकडून त्यांच्या कार्याची दखल घेणारे पत्र आले. त्याने त्यांच्या दिनक्रमात फरक पडला नाही.

प्रकृती ढासळल्यावर १९६५ साली त्या निवृत्त होऊन रिचफील्ड येथील संघाच्या मठात राहायला गेल्या. १ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्या प्रभूमध्ये निजल्या. त्याच वर्षी बिल विल्सन यांनी ए.ए.च्या मासिकात त्यांच्यावर कृतज्ञतेचा लेख लिहिला. सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयाने २०२२ साली रुग्णांना खाटेवर दाखल करून घेणे थांबवले. तोपर्यंत त्या वास्तूतील रोझरी हॉलचे नाव सत्तर वर्षे टिकून होते, आणि त्या नावाखाली किती माणसे हाताला धरून आत आणली गेली व आपल्या पायांनी बाहेर पडली, त्यांतील बहुतेकांची नावे, ए.ए.च्या रीतीप्रमाणे, कुठेही लिहिलेली नाहीत.